शांत आहे का

शांत आहे का, हे तू सगळ्यात आधी विचारलंस.
नुआला, शांत हवं असेल तर विहीर घे.
हा थरोब्रेड आहे.

कागदावर नाव अर्जंट टेलिग्राम,
अकरा शर्यती धावला, वेळेवर एकदाही पोचला नाही.
पागेत आम्ही टेली म्हणतो.
वय सात. तांबडा, मागचा डावा पाय घोट्यापर्यंत पांढरा,
कातडी इतकी पातळ
की माशी बसायच्या आधीच खांद्यावर शहारा उठतो.

माझा भाऊ मलाकी सांगेल, शर्यतीचं जनावर डोक्याने तापट,
बाईमाणसाने जाडजूड कॉब घ्यावा, सोफ्यासारखा.
मलाकी जन्मभर सोफ्यावरच बसलाय.

खरं ते मी सांगते.
चढताना हा थांबत नाही.
थांब, असं कुणी शिकवलंच नाही त्याला;
तिथे पोरांना पोटरीला धरून
चालत्या घोड्यावर फेकतात.
लगाम ओढलास तर पळेल.
ओढलेला लगाम म्हणजे रेलायला भिंत,
तिच्यावर भार टाक आणि धाव, एवढंच ठाऊक.
घोडं पेंड खातं ते इथे.

लाउडस्पीकर, हेलिकॉप्टर, दहा हजार माणसांचा ओरडा,
यातून कान न हलवता जातो,
आणि परवा ढकलगाडी बघून
कुंपणाच्या दोन फळ्या मोडल्या.
पहिल्यांदा गवतात मोकळा सोडला तेव्हा
दिवसभर फाटकाशी उभा.
मोकळं म्हणजे काय करायचं, कळेना.
लोळायला तीन आठवडे लागले.
त्या दिवशी मी भांडी तशीच टाकून बघत राहिले.

खर्चाचं विचारू नकोस. बरं, विचार.
खुरांच्या कडा बिस्किटासारख्या तुटतात, नालबंद महिन्याला.
थंडीत दोन झुली. पोटात अल्सर होता, आता नाही,
म्हणजे मार्चमध्ये नव्हता.

मग तू चढलीस.
एक पाय रिकिबीत, अर्धी तू हवेत, आणि हा निघाला.
कशीबशी बसलीस
आणि सगळे करतात तेच केलंस:
मुठी आवळल्यास.
त्याने मान आवळली. दुडकी, मग दुडकीच्या पुढचं,
समोर किल्डेअरचं माळरान उघडं,
धुक्यात मेंढ्या दगडांसारख्या.
"सोड," मी ओरडले, "हात सोड, श्वास सोड."
पडणारं माणूस कशाला सोडेल?
गेल्या वर्षी मोडलेलं तुझं मनगट
मला लांबूनही दिसत होतं.

तेव्हा तू बडबडायला लागलीस.
मला वाटलं प्रार्थना.
ऐकलं तर: किलकलन, ब्रॅनॉक्सटाउन,
एथगार्वनचा चौक, सनक्रॉफ्ट,
जुळ्या पोरींचं निळं फाटक...
तेवीस वर्षं चालवलेल्या शाळेच्या बसचे थांबे,
उतरायच्या क्रमाने,
दप्तर विसरू नकोस सांगणाऱ्या आवाजात.

टेलीचा डावा कान मागे वळला.
फक्त कान.
मग मान लांब झाली, नाक फुरफुरलं,
मिलटाउनपर्यंत तो साध्या चालीवर आला होता.

याला तू शांत म्हणशील का, मला माहीत नाही.
तो ऐकतो. फार ऐकतो.
तुझ्या मांडीतली भीती तुझ्याआधी त्याला कळेल,
तुझा वाईट दिवस तो दुप्पट वाईट करेल.
स्वारीला हे बरं की वाईट,
चाळीस वर्षं मोतद्दारी करून
माझं अजून ठरलेलं नाही.

उतरलीस तेव्हा पाय थरथरत होते, दोघांचे.
पैशांचं तूच काढलंस. म्हटलं, आज नको.
गुरुवारी ये. वारा असेल, हा वाईट वागेल.
तेव्हाही आवडला तर बोलू.

गाडीपर्यंत गेलीस, दार उघडलंस,
आणि तिथूनच विचारलंस,
ढकलगाडी कोणत्या रंगाची होती.